बहिऱ्या ताराला ऐकू आलं ते

नजर लागणं, अंगात येणं असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आले. शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांनाही हसायला शिकवलं. तरी हे एकदा लिहून टाकते...

एकसष्ट-बासष्ट साल असेल. प्रकाशाजवळ तापीकाठी आमचं गाव. आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळे जिल्हा. मी सोळा वर्षांची, धाकटी बहीण तारा नऊची. आधी तिचा डावा कान गेला, मग उजवा. चालताना भिंत धरायची. गावात उतारे झाले, गंडेदोरे झाले. शेवटी वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिला मुंबईला नेलं. सोबत मी.

डॉक्टर म्हणाले, "कवटीच्या आत, दोन्ही कानांच्या नसांवर गाठी आहेत. मुलांमध्ये फार क्वचित होतात. कॅन्सर नाही, साध्या गाठी आहेत. पण मेंदू दबतोय... ऑपरेशनमध्ये वाचेल असं वाटत नाही."

आबांनी हात जोडले. "साध्या गाठी शेतस ना साहेब? मंग पोर कसाले मरी?"

"वाढायला आत जागाच नाही हो," डॉक्टर हळूच म्हणाले.

तिला घरी आणलं. दोन-तीन महिन्यांत नजरही गेली. मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचे – पाणी, दूध, आई – तेवढंच आमचं बोलणं.

एका दुपारी आई-आबा केळीच्या बागेत गेले होते. डोकेदुखीने सकाळपासून ओरडून थकलेली तारा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी लांब बसून कापसातला काडीकचरा वेचत होते. आणि मनात आलं – ओठसुद्धा हलले नाहीत – देवा, आजच ने रे हिला. ती सुटेल. आम्हीही सुटू.

तारा बोलली. अगदी स्वच्छ, आजाराआधी बोलायची तशी.

"आक्का, आज नको ना. माय घर मा नही शे."

मी कापूस तिथेच टाकला. धावत जाऊन तिच्या हातावर लिहिलं – काय म्हणालीस?

"कोन शे?" एवढंच तिने विचारलं, जड जिभेने.

दुसऱ्या दिवशी बागेत काम असूनही आई का कोण जाणे, घरीच थांबली. दुपारी तिच्याच मांडीवर तारा गेली.

पुढे एका डॉक्टरांना विचारलं. मेंदू दबला की रुग्ण काहीबाही बोलतो, योगायोग असेल, म्हणाले. असेलही. पण मला पटलेलं नाही, आणि दुसरं स्पष्टीकरणही आजवर मिळालं नाही. आईला मी हे कधीच सांगू शकले नाही... कारण ताराला खरंच ऐकू आलं असेल, तर "आम्हीही सुटू" हेसुद्धा ऐकू आलं असणार.