बांधलेलं पोड

गुडघ्यांची पार वाट लागलेल्या माणसाला घेऊन भर उन्हाळ्यात डोंगर चढायचा, हे मला मुळीच मान्य नव्हतं. बाबांना मी तसं तोंडावर सांगितलंही. पण आदल्या दिवशी फोन आला होता. पोडावर रेंज नाही, म्हणून त्यांच्या दोस्ताचा मुलगा टेकडीच्या टोकावर जाऊन बोलला. "गुर्जी, बुढा लय खराब हाय. तुमचंच नाव घेऊन राह्यला." बाबांनी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.

"त्याले जित्ता पाहाचं हाय मले. तू येत असशील तर ये, नाही तर मी एकटा जातो."

एकटा जातो म्हणे! यांना बाथरूमपर्यंत जायला भिंत लागते. मी बँकेत सुट्टी टाकली.

पोड म्हणजे कोलाम आदिवासींची डोंगरावरची वस्ती. बाबांनी नोकरीची पहिली वर्षं तिथल्या शाळेत काढली. शाळा कसली, चावडीच ती. दोस्त तेव्हा ऐन जवानीत होता. रानात पांगलेली पोरं खांद्यावर टाकून आणायचा आणि बाबांपुढे बसवायचा. पुढे बाबांची बदली झाली, यवतमाळला घर झालं, पण दोस्ती काही सुटली नाही. आई गेली तेव्हा हा माणूस डोंगर उतरून आला आणि तेरवीपर्यंत आमच्या दारात बसून राहिला. बाबा जेवल्याशिवाय स्वतः जेवायचा नाही. त्याच्यामुळे बाबांच्या पोटात चार घास गेले, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

घाटंजीपर्यंत बस, पुढे ऑटो, आणि डांबर संपलं तिथून पायवाट. सागाची पानं झडून गेलेली, सावली नावाला नाही. वाळल्या पानांवरून पाय सटकायचा. जिथे मोहाचं झाड दिसेल तिथे बाबा बसत आणि विचारत, "पोहचू ना वं वेळेवर?" मी म्हणायचे, "बोलू नका, दम जपा," आणि बाटली पुढे करायचे. नाल्याच्या चढावर त्यांनी माझा खांदा असा आवळून धरला की कळ मानेपर्यंत गेली. मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

वेशीवर पोहोचलो तर दोन झाडांना आडवी दोरी, तिला कडुनिंबाचे डहाळे. पलीकडे दोस्ताचा मुलगा हात जोडून उभा.

"गुर्जी, गाव बांधलं हाय. दिवस बुडेपर्यंत कोनी आत नाही, कोनी बाहेर नाही."

पोडात दुखणं शिरलं की कोलाम चारी बाजूंच्या सीमा मंत्रून बंद करतात. लेकरांमध्ये तापाची साथ आली होती. नर्सबाईच्या गोळ्या चालू होत्या आणि बांधणीही. बांधल्यावर मधेच कोणी सीमा ओलांडली तर सगळं वाया जातं, दुखणं दुप्पट जोरानं परतून येतं, अशी त्यांची श्रद्धा.

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्हीच बोलावलं ना? म्हाताऱ्या माणसाला एवढा डोंगर चढवला, आणि आता वेशीवर बसवता?"

"तवा ठरलं नव्हतं, ताई. बुढ्यानं आज पहाटे ठरवलं. बांधाचा मान त्याचाच हाय. आमी दोघांनी धरलं, तवा कुठं चारी कोपरे फिरला. मंग पडला तो पडलाच."

"असेल मान. माझे बाबा आत येणार," म्हणत मी दोरी उचलायला हात घातला.

"हात लावू नको!"

बाबा ओरडले. तो आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. माझा हात जागच्या जागी थांबला.

बाबांचा आवाज आत पोहोचला असावा. थोड्या वेळानं चार जण खाट उचलून दोरीपाशी घेऊन आले. खाटेवर हाडं आणि गोधडी, बाकी काही उरलं नव्हतं. बाबा दोरीच्या अलीकडे मातीतच बसले. दोघांमध्ये हातभर अंतर.

"आले काय, गुर्जी?"

"आलो ना बापा."

"पाय?"

"पायाचं काय घेऊन बसला! तू कसा हायेस, ते सांग."

"लेकराइले ताप हाय," दोस्त म्हणाला. "बांधून देल्लं."

"चांगलं केलं," बाबा म्हणाले.

"दोरी म्याच बांधली, गुर्जी, अन् म्याच अडकलो." तो हसला, आणि हसता हसता खोकल्यानं बेजार झाला. त्याच्या बायकोनं पाणी पाजलं. मग दोघं बराच वेळ जुन्या गोष्टी बोलत राहिले. कोणत्या पोराला नोकरी लागली, कोणतं पोर वाघाला भिऊन शाळेच्या आढ्यावर चढलं होतं. बोलायचे बाबाच, तो नुसता हुंकार द्यायचा.

ऊन उतरायला लागलं तसा त्याचा श्वास जड झाला. त्यानं हात दोरीकडे वळवला. बाबांचा हातही उचलला गेला, दोरीपाशी थांबला आणि परत मांडीवर येऊन पडला.

"असू द्या," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. बायकोनं त्याचं तोंड पुसलं, छातीवर कान ठेवला आणि हंबरडा फोडला. सूर्य अजून डोंगरावर होता.

"बाबा, आता तरी जा!" मी रडतच म्हणाले. "गेला ना तो! आता कोणाला कशाची भीती?"

बाबा खाटेवरून नजर न काढता बोलले. "अंगात जीव नव्हता, तरी चारी कोपरे फिरून बांधलं त्यानं. लेकराइसाठी. त्याच्या हातचं शेवटचं काम हाय पोरी ते. मी कसं मोडू?"

माझा राग गेला नाही, पण तो काढायचा कोणावर, हेच समजेना. पोडातल्या बायका पलीकडे रडत होत्या, मी अलीकडे. लेकरं आयांच्या कडेवर निपचित पडून सगळं बघत होती.

दिवस बुडाला. मुलानं दोरी सोडली. बाबा माझ्या खांद्याला हात न लावता उठले, आत गेले आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. त्यांनी दोस्ताचे पाय मांडीवर घेतले आणि तळवे चोळायला लागले. थंडी भरलेल्या माणसाचे चोळतात तसे, दोन्ही हातांनी, जोर लावून. न्हाऊ घालायला पाणी आणणाऱ्यांना मुलानं हातानंच थांबवलं.

"गुर्जीचं होऊ द्या," तो म्हणाला.