पाटावरून उठताना

फोन आला तेव्हा मी वरशाला, रोह्याजवळच्या माझ्या घरी, जेवत होते. ताटात बांगडा होता. पलीकडून जोह्याची वहिनी बोलली, "वन्सं, हे गेले हो..." आणि मी हातातला घास खाली ठेवायच्या ऐवजी तोंडात घातला. का घातला ते मला अजून कळलेलं नाही. दीड महिना झाला, मी पुन्हा बांगडा आणलेला नाही.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जोह्यात त्याचा गणपतींचा कारखाना. शाडूची गोणी तो एकट्याने खांद्यावर टाकायचा, पण त्याचं खरं नाव होतं ते आखणीत, म्हणजे मूर्तीचे डोळे काढण्यात. त्यासाठी त्याचा वीतभर उंचीचा एक लाकडी पाट होता. त्यावर बसून डोळे काढायचे आणि उठताना हात कुठेही टेकायचा नाही, कारण बोटांना ओला रंग. सत्तरी उलटली तरी तसाच उठायचा. मी चिडवायची, "म्हाताऱ्या, पडशील एक दिवस." तो म्हणायचा, "मांड्या हायत माझ्या. तुझ्यासारख्या खुर्चीतल्या नायत!" खुर्चीतल्या, कारण मी रोह्याला शाळेत शिक्षिका होते. हे लक्षात ठेवा, पुढे मला तोंड लपवायला लागणार आहे.

होळीनंतर त्याच्या आतड्यात गाठ निघाली. पनवेलला मोठं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर खूश. घरी सोडताना तिथल्या आहाराच्या मुलीने वहिनीच्या हातात एक कागद दिला. मीही शेजारीच उभी होते. ती म्हणाली, "आता सगळं पचतंय त्यांना. रोज डाळ, दूध, अंडं, मासे द्या. आणि झोपवून ठेवू नका, दिवसातून चार वेळा उठवा, चालवा. पडून राहिले आणि पोटात ताकदीचं गेलं नाही, तर शरीर स्वतःचंच मांस खातं. या वयात गेलेलं परत आणणं फार कठीण, आजी." मला आजी म्हणालेलं आवडलं नाही. कालची पोर, मला शिकवते, असं वाटलं. आता वाटतं, तिचे पाय धरायला हवे होते.

मी बॅग घेऊन जोह्याला गेले आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आमच्या आईने प्रत्येक आजाऱ्याला पेज दिली, टाके असलेल्याला वशाट, म्हणजे मासळी-अंडं, दिलं नाही, डाळ वातूळ म्हणून दिली नाही. मीही तेच केलं. सकाळी पेज, दुपारी मऊ भात नि मीठ, संध्याकाळी पुन्हा पेज. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटांचा पुडा ठेवायचा आणि सांगायचा, "पडून राव्हा, उठू नका." सगळे शहाणे एकाच गावात जमले होते आणि त्यांची मुख्याध्यापिका मी. एकदा वहिनीने गुपचूप अंडं उकडलं. ते सोलून ती खोलीकडे निघाली, तर मी दारात आडवी. "टाके पिकवायचेत काय गो त्याचे?" ती कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "पण त्या पोरीने लिवलंय ना, वन्सं..." मी तो कागद घडी करून मिठाच्या बरणीखाली सरकवला. अंडं वाया नको म्हणून मीच खाल्लं.

आणि आम्ही काय जेवत होतो? दार लोटून सुकट, बोंबलाचं कालवण. लोटलेल्या दाराने वास थोडाच थांबतो? आतून दादाचा आवाज यायचा, "शालू, सुकट केलंस काय गो?" मी म्हणायची, "नाय रे, शेजारचा वास." आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगितलं मी...

महिन्याभरात त्याचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं. मांड्या लुंगीत दिसेनाशा झाल्या. मी म्हणायची, आजारपणात उतरतोच माणूस. त्याला एकच घोर होता, मोठ्या मूर्तींची आखणी. रोज विचारायचा, "गणपतीपर्यंत बसंन ना गो मी?" आषाढात एक दिवस हट्टाने भिंत धरत कारखान्यात गेला आणि पाटावर बसला. हात स्थिर होता. एक डोळा असा काढला की कारागीर बघत राहिले. मग रंग घ्यायला उठू गेला. दोनदा, तीनदा जोर केला. शेवटी रंगाचा हात जमिनीला टेकला, तरी उठता आलं नाही. दोन कारागिरांनी काखेत हात घालून उचलला. तो हसला, "माझाच गणपती उचलायला लागला रे..." दुसरा डोळा कारागिराने पुरा केला. दादा त्यानंतर खाटेवरून उठला नाही. छातीत कफ साठला. तो खोकून काढण्याइतकाही जोर त्याच्यात उरला नव्हता. मी दोन दिवसांसाठी वरशाला घरी आले आणि तो फोन आला.

टाका मात्र एकही पिकला नाही.

तीस वर्षं मी चौथीच्या मुलांकडून घोकून घेतलं, प्रथिने शरीराची झीज भरून काढतात. डाळी, दूध, अंडी, मासे. फळ्यावर चित्रंसुद्धा काढली. घरी भाऊ झिजत होता आणि मी पेज ढवळत होते. गाठीने नाही नेला त्याला. लोक म्हणतात, त्याची वेळ आली होती. मला हे ऐकवत नाही.

परवा जोह्याला गेले होते. कारखाना बंद, कोपऱ्यात तो पाट. वहिनी चहा आणायला गेली तशी मी त्यावर बसले. पंजाएवढा रंगाचा डाग अजून तिथे जमिनीवर आहे, वहिनीने पुसू दिलेला नाही. बराच वेळ बघत बसले. मग वहिनीची चाहूल लागली आणि मी उठले. हात कुठेही न टेकता, एका दमात.

वहिनी कप घेऊन दारात उभी होती. तिने पाहिलं.