साठ, मग बासष्ट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, आणि पार्ट्यांमध्येही नाही — जिथे तिसऱ्या ग्लासानंतर माणसं नको ते ओकून मोकळी होतात. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. ओळखत असतात तर तुम्हालाही थाप मारली असती, आणि ती तुम्हाला कळलीही नसती. तेवढं मला येतं.

काय येतं आणि काय येत नाही, तिथूनच सुरुवात करतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे पुण्याच्या एका कॉलेजने तसं लिहून दिलंय. चार वर्षांत एक नट स्वतःच्या हाताने सोडवला असेल तर शपथ. नोकरी लागली ती कॉम्प्युटरपुढची, आणि आज सिंगापूरला, पासिर रिसच्या कॉन्डोत बसून मी लोकांना तक्ते दाखवतो. माझ्यासारखे इथे पोत्याने मिळतात. रविवारी एकमेकांकडे जमतो, पोरं इंग्रजीत भांडतात, आणि आम्ही ताटात पुरणपोळी घेऊन एकमेकांना ‘आपण इंजिनिअर लोक’ म्हणतो. यांतल्या निम्म्यांना गाडीचं बॉनेट उघडायला सांगा — खटका सापडणार नाही. मला यांचा मनापासून तिटकारा आहे. मी त्यांच्यातलाच आहे हे ठाऊक असल्यामुळे तो जरा जास्तच आहे.

एक गोष्ट मात्र कॉलेजात पक्की शिकलो. प्रॅक्टिकलचं जर्नल. प्रयोग करतो कोण? उत्तर आधीच्या वर्षाच्या पोराच्या वहीत असायचंच. त्या उत्तरावरून उलटं येत रीडिंग शिजवायची. आणि त्यातली कला अशी की दोनदा तेच रीडिंग लिहायचं नाही. एकदा चोवीस लिहिलं तर दुसऱ्यांदा साडेचोवीस. जरा इकडेतिकडे झालं की सरांना वाटतं, पोराने खरंच मोजलंय. हे लक्षात ठेवा. मी विसरलो नाही.

आता अण्णा. सुजाताचे — माझ्या बायकोचे — वडील. सातारा जिल्ह्यातले, सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं बर्फात गेली, जिथे जीप जात नाही तिथे. तिकडे स्नो-स्कूटर चालते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, मधे दोन सिलिंडरचं ओरडणारं इंजिन. अशी शेकडो इंजिनं त्यांनी उघडून पुन्हा बसवली होती. आमच्या लग्नात माझ्या एका काकाने त्यांना विचारलं होतं, “म्हणजे गॅरेजच ना?” अण्णा म्हणाले, “हो, गॅरेजच.” मी तेव्हा हसलो होतो. काकांच्या बाजूने.

सासूबाई गेल्या आणि सुजाता त्यांना इकडे घेऊन आली. पहिले दोन महिने ते बाल्कनीत खुर्ची टाकून खालच्या स्विमिंग पूलकडे बघत बसायचे. विचारलं तर बोलायचे, नाहीतर नाही. इतरांचे आईवडील लिटिल इंडियातून भाजी आणतात, देवळात जातात, एकमेकांची गुडघेदुखी ऐकतात. अण्णांना त्यातलं काहीच जमेना. सुजाता रात्री रडायची. मी पाठीवर हात ठेवून फोन बघायचो.

मग एका शनिवारी माझी स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायची होती. इथे कार ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं, म्हणून माझी स्कूटर. बेडोकच्या बाजूला, कारखान्यांच्या एका जुनाट इमारतीत तळमजल्यावर अंकल टॅनचं दुकान. सत्तरीचा चिनी म्हातारा, बनियनवर काम करणारा. अण्णांना सोबत नेलं, कारण सुजाता म्हणाली न्या. आणि तिथे कोपऱ्यात, जुन्या टायरांच्या मागे, ताडपत्रीखाली ती होती. स्नो-स्कूटर. विषुववृत्ताला हात लावता येईल अशा गावात, जिथे जानेवारीतही बनियन पिळून वाळत घालावं लागतं. बर्फाचा खेळ दाखवणारा कुठलासा हॉल बंद पडला तेव्हा टॅनने ती उचलून आणली होती. लोक तिच्यावर बसून फोटो काढायचे म्हणे.

अण्णांनी ताडपत्री बाजूला केली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. फोन वाजत होता माझा.

त्या दिवसापासून माझे शनिवार गेले. टॅनला हिंदी येत नाही, अण्णांना इंग्रजी येतं ते परेडपुरतं. दुभाष्या म्हणून मी. खरं तर त्यांना दुभाष्या लागतच नव्हता. एकाने बोट दाखवायचं, दुसऱ्याने मान हलवायची, दोघांनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायची. मी स्टुलावर बसून घाम पुसायचो आणि मनात म्हणायचो, दोन म्हातारे आणि एक भंगार, काय पण सोहळा. संध्याकाळी अण्णा काळ्या नखांनी कॉन्डोच्या लिफ्टमध्ये उभे राहायचे आणि शेजारचे लोक शिष्टाचाराने छताकडे बघायचे. घरी ईरा, माझी मुलगी, नाक धरून इथल्या बोलीत म्हणायची, “आजोबा, यू स्मेल लाइक पेट्रोल लाह.” ते हसायचे. जेवताना तिला सांगायचे की बर्फात इंजिन सुरू झालं नाही तर माणूस कसा गोठतो. सुजाता दोन घास जास्त खायची. हे सगळं मला दिसत होतं. आंधळा नव्हतो मी.

मग राग कशाचा? शोधलं तर कारण एवढंसं निघतं. एका शनिवारी अण्णा म्हणाले, “मंदारराव, तो तेराचा पाना द्या जरा.” मी पंधराचा दिला. त्यांनी तो परत केला, मी चौदाचा दिला. टॅन हसला. “इंजिनिअर, आह?” एवढंच. त्यालाही मी माफ केलं असतं. पण अण्णा हसले नाहीत. ते टॅनला हिंदीत समजावून सांगायला लागले — त्याला एक अक्षर कळत नसताना — की आमच्या जावयांचं काम डोक्याचं आहे, हाताचं नाही, फार मोठं काम आहे. सांभाळून घेतलं मला. दहावीपर्यंतही न शिकलेल्या माणसाने. ते मला चावलं. किती दिवस चावलं हे सांगायला लाज वाटते.

त्यानंतर महिनाभराने टॅनला इमारत सोडायची नोटीस आली. नवी जागा याच्या निम्मी. सोमवारी भंगारवाल्याची लॉरी येणार होती. तेव्हा प्रश्न सरळ होता. स्नो-स्कूटरचं इंजिन पुन्हा बांधण्याजोगं आहे की नाही? असलं तर टॅन ती नव्या जागेत नेणार. बेअरिंगं, सीलं, कार्बोरेटर, ते सगळं अण्णा करणार, आणि त्यासाठी आणखी सहा महिने राहणार. सुजाताने त्यांच्या व्हिजिट पासच्या मुदतवाढीचा फॉर्म भरूनही ठेवला होता. नसलं तर लॉरी. एवढ्या जुन्या मॉडेलचे सिलिंडर कुठे मिळत नाहीत, म्हणून सिलिंडर शाबूत असले तरच पुढे जाण्यात अर्थ.

अण्णांचं उत्तर तयार होतं. सुरू करायची दोरी त्यांनी दहादा ओढून बघितली होती. “दम आहे हिच्यात,” ते म्हणाले. “दोरी हाताला उलटी ओढते बघा.” मीही ओढून बघितली. मला काही कळलं नाही. दोरी ओढल्यासारखी वाटली.

टॅनला भरवसा होता, पण त्याने सिलिंडरातला दम, म्हणजे दाब, मोजायचा गेजही काढला. प्लगच्या जागी बसवायचा, दोरी ओढायची, काटा चढतो आणि थांबून राहतो. बघून झालं की बाजूचं बटण दाबायचं, काटा शून्यावर. शंभराच्या वर गेला तर सिलिंडर ठीक. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यांना बारीक आकडे दिसायचे नाहीत. टॅनकडे पुढे गिऱ्हाईक आलं. जाता जाता तो मला म्हणाला, “अंकल से कॅन. यू इंजिनिअर, यू सी, यू टेल मी. कॅन ऑर कॅनॉट?” म्हणजे अण्णा होईल म्हणतात, तू बघून सांग, होईल की नाही.

कळतंय ना तुम्हाला आता, मी कुठे चाललोय?

अण्णांनी एक पाय टेकवला आणि दोरी ओढली. सहा वेळा. त्यांच्या मानेची शीर दिसत होती. काटा चढला आणि थांबला. मी बघितला. नीट, वाकून बघितला. आणि म्हणालो, “साठ.”

ते थांबले. “परत बघा. माझं चुकलं असेल ओढायला.” मी बटण दाबलं. काटा शून्यावर. त्यांनी पुन्हा ओढलं, या वेळी आठदा, आणि शेवटी त्यांना धाप लागली. काटा पुन्हा तिथेच. ते चष्मा काढून बनियनला पुसायला लागले, स्वतः बघावं म्हणून. मी म्हणालो, “बासष्ट.” आणि बटण दाबलं.

बासष्ट. साठ नाही. जर्नलात शिकलो होतो ना, दोनदा तेच लिहायचं नाही. कुणी तरी सावधपणे, प्रामाणिकपणे मोजतंय असा आवाज होता माझा. दुसऱ्या सिलिंडरला मी अठ्ठावन्न सांगितलं. खऱ्याचं अर्धं करायचं आणि जरा हलवायचं, यात अवघड काय? घरचा अभ्यास केल्यासारखं सोपं गेलं.

तुम्ही म्हणाल, त्यांनी वाद घातला असेल. माझीही तीच अपेक्षा होती. कदाचित तसं हवंही होतं, वाद झाला असता तर मला चिडता आलं असतं. पण नाही. पन्नास वर्षं इंजिनं हाताळलेला माणूस माझ्या आकड्यापुढे गप्प बसला, कारण आकडा इंजिनिअरने वाचला होता. त्यांनी गेजकडे बघितलंच नाही पुन्हा. उजव्या हाताचा तळवा बघितला. मग चिंधीने तो पुसत बसले, बराच वेळ, तेल कधीच गेलेलं असताना.

टॅन आला. मी म्हणालो, “कॅनॉट.” तो म्हणाला, “ओके लाह. कॅनॉट, कॅनॉट.” आणि अण्णांच्या खांद्यावर थोपटून तीन कप कोपी आणायला गेला.

परतताना लिफ्टमध्ये अण्णा मला म्हणाले, “तुमचे एवढे शनिवार फुकट घालवले मी. माफ करा.” तेव्हा सांगता आलं असतं. लॉरी सोमवारी होती, अजून रविवार आख्खा पडला होता. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “अहो त्यात काय.” आणि आठव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा त्यांना आधी बाहेर पडू दिलं. संस्कार आहेत माझ्यावर.

फॉर्म सुजाताने फाडला नाही, खणात ठेवला. महिनाअखेर ते साताऱ्याला परतले. सुजाताला वाटतं, आपल्या घरात त्यांना परकं वाटलं. ती अजून कधी कधी विचारते, आपलं काय चुकलं? ‘आपलं’ म्हणते. मी म्हणतो, म्हातारी माणसं, रुजत नाहीत कुठे.

इथवर असतं तर मी बोललोही नसतो कदाचित. एक भंगार भंगारात गेलं, एक म्हातारा आपल्या गावी गेला. पण गेल्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. अण्णांच्या अंगणात शेजारचे शंकरराव आले, जुनी मोटरसायकल ढकलत. पूर्वी त्या घरी हे रोजचं होतं, सुजाता सांगते. कुणाचा पंप, कुणाची मोटरसायकल. अण्णा दोरी ओढून किंवा किक मारून, टाकीवर हात ठेवून सांगायचे काय झालंय ते. शंकररावांनी किक मारली. अण्णा उठले, हात पुढे केला — आणि मागे घेतला.

“मला नाही कळत आता,” ते म्हणाले. “शोरूमला दाखवा. तिथे मशीन लावून बघतात.”

शंकररावांना चेष्टा वाटली. “अण्णा, तुम्ही असं म्हणायला लागला तर झालं.”

“हात गेला माझा,” अण्णा शांतपणे म्हणाले. “तिकडे सिंगापूरला कळलं. ज्याला मी दम आहे म्हणालो त्यात काही नव्हतं. म्हणजे किती वर्षं चुकीचं सांगत आलोय, देव जाणे.” मग माझ्याकडे वळले. आवाजात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. “मंदारराव, किती होतं हो ते? साठ, आणि परत घेतलं तेव्हा बासष्ट. बरोबर ना?”

अंगणात आम्ही तिघेच होतो. सुजाता आत चहा टाकत होती. एक शब्द पुरला असता. तो माणूस चिडला नसता, मी त्यांना एवढं तरी ओळखतो. त्यांना आनंदच झाला असता.

“हो अण्णा,” मी म्हणालो. “साठ. मग बासष्ट.”

त्यांनी मान हलवली आणि शंकररावांना म्हणाले, बघा, इंजिनिअर आहेत ते, त्यांनी स्वतः वाचलं. शंकरराव मोटरसायकल ढकलत परत गेले. अण्णा खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिले, आमच्या बाल्कनीत बसायचे तसे.

पहिल्या सिलिंडरचं रीडिंग एकशे वीस होतं. दोन्ही वेळा. दुसऱ्याचं एकशे अठरा. दोरी त्यांच्या हाताला खरंच उलटी ओढत होती.