आत्या ओ देते: दुष्काळात शिरूरहून दौंडकडे

१९७३ च्या उन्हाळ्यात बाबा म्हणाले, "गावातलं पाणी आटलंय. रूथला घेऊन ये." रूथ ही माझी विधवा आत्या. धीर हा गुण माझ्यात औषधालाही नव्हता. आज जाऊन उद्या परत, असा माझा बेत.

शिवाजीनगरहून एस.टी.नं शिरूर, तिथून दुसऱ्या गाडीनं न्हावरे, पुढे पायपीट. तुम्ही कधी गेलात तर उन्हाळा टाळा आणि पाणी जवळ ठेवा. रस्त्याकडेला माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, गावात मात्र चिटपाखरू नव्हतं. आत्यानं मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी वाढली. घशाखाली उतरेना, पण ती इतक्या मायेनं बघत होती की दोन खाल्ल्या.

"उद्या सकाळी निघू."

"उद्या रविवार हाय. उपासना झाल्याबिगर न्हाई."

चर्चमध्ये आम्ही तिघंच. पाळक क्वचित यायचे, एरवी म्हातारे याकोबआबाच प्रार्थना घ्यायचे. सतरंज्या मात्र त्यांनी साऱ्या मंडळीच्या अंथरल्या होत्या. मग ते तोंडपाठ नावं पुकारू लागले.

"शमुवेल."

"हजर!" मी शाळेतल्यासारखा ओरडलो. आबांनी पुन्हा माझंच नाव घेतलं. आत्यानं माझं मनगट दाबलं आणि तीच म्हणाली, "हाय."

तिथे स्वतःच्या नावाला स्वतः ओ द्यायची नाही, अशी रीत. शेजाऱ्यानं द्यायची: माणूस असेल तर "हाय", नसेल तर "येतील". आबांनी "याकोब" म्हणून स्वतःला पुकारलं, तेव्हाही आत्याच "हाय" म्हणाली. खडी फोडायला गेलेल्यांसाठी "येतील". मग आबा म्हणाले, "दानिएल." हा आत्याचा नवरा, मरून कैक वर्षं झालेला.

"येतील," आत्या त्याच आवाजात म्हणाली. मला मोकळ्या सतरंजीकडे बघवेना.

बाहेर येताच मी चिडलो. "मेलेल्यांची कसली वाट बघता?"

"मेलेली उठणार म्हनायचं आन् वाट बगायची न्हाई, कसं चालंल?" आबा शांतपणे म्हणाले.

आत्या निघायला तयार होईना. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, आणखी काही दिवस राहती तर जगली नसती. पण ती म्हणे, "मी गेले तर आबांच्या नावाला ओ कोन देईल?"

"तिथनं दे. देवाला ऐकू येतंय," आबा म्हणाले.

"तुम्ही बी चला की, आबा."

"मग नावं कोन घ्यायचं?"

शेवटी आबांचा शब्द मानून आत्या एकटीच माझ्याबरोबर निघाली. दौंडपर्यंत एका ट्रकनं सोडलं. स्टेशनवर चहा-भजी झकास, गाडी मात्र लेट. मी फेऱ्या मारून दमलो. आत्या जागची हलली नाही.

पुण्यात ती दर रविवारी सकाळी खिडकीशी बसून मोठ्यानं "हाय" म्हणायची. आम्ही हसायचो. एका रविवारी ती थोडी थांबली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "येतील." घरात कुणी हसलं नाही. दोन दिवसांनी गावाहून माणूस आला: आबा रविवारी सकाळी चर्चमध्येच वारले होते.

त्या प्रवासानं मला धीर शिकवला, असं लिहायला आवडलं असतं. गाडी लेट झाली की मी अजून चिडतो. पण आत्या गेली, त्या रविवारी मी खिडकीशी बसलो. तिचं नाव पुकारणारं कुणीच उरलं नव्हतं. मी "येतील" म्हणालो, आणि म्हणताना ते मला खरं वाटलं.