बानाबाईंचं ‘व्हय’

बानाबाईंचा आवाज मुळात मेंढरं वळवण्यासाठी घडला होता. त्यांचे वडील केरबा कन्नडच्या घाटाजवळ मेंढरं राखत, आणि या टेकडीवर उभी राहून बाना त्या टेकडीवरचा कळप नुसत्या हाकेनं माघारी आणी. लग्न होऊन ती बजाजनगरला आली, तेव्हा दोन खोल्यांत एवढा आवाज ठेवायचा कुठं, हाच प्रश्न होता. शेजारच्या एका गुरुजींनी त्या आवाजाला पेटीची वेसण घातली. परीक्षा देत देत बाना विशारद झाली आणि बानाबाई झाली. नवरा अंगद वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. मशीननं त्याचे कान आधीच अधू केले होते. “म्हणून तर संसार टिकला,” असं तो आल्यागेल्याला सांगे.

बाई वसाहतीच्या सभागृहात कामगारांच्या मुलांना गाणं शिकवत. वर्षानुवर्षं कुणाची ना नव्हती. यंदा मात्र वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्या मनानं घेतलं, की सभागृहात जिम हवी.

“बाई, गाण्यानं काय होतं? जिमनं निदान दंड तरी दिसतात.”

“तुमचे कुठं दिसायलेत, तात्यासाहेब? तुम्ही तर दुधातुपावर वाढलेले!”

तात्यासाहेबांनी बाह्या खाली ओढल्या आणि रविवारच्या सभेत जिमचा ठराव मांडायचं जाहीर केलं. सभागृह गेलं तर शाळा गेली, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. घरात पंधरा पोरं एकदम ‘सा’ लावू लागली, तर भिंतीसुद्धा मंडळाकडे तक्रार करतील.

बाईंची जुनी विद्यार्थिनी करुणा नोकरीनिमित्त फिनलंडला होती. तिची मुलगी तिथल्या एका संगीतशाळेत जाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका लेनाबाई देशोदेशींच्या शाळांशी मैत्री जोडत, आणि एखादी शाळा अडचणीत आली तर तिथल्या कारभाऱ्यांपाशी तिच्यासाठी शब्द टाकत.

“त्या व्हिडिओ कॉल करतील, बाई,” करुणानं कळवलं. “मी तेव्हा कामावर असेन. त्या तीनच प्रश्न विचारतील. शाळा चालू ठेवायची का? आमच्याशी जोडून घ्यायचं का? तुमच्या मंडळाशी मी बोलू का? तिन्हींना ‘यस’ म्हणा. बास.”

बाईंनी भाकरी थापता थापता ‘यस’चा रियाज केला. खालच्या पट्टीत लावला, वरच्या पट्टीत लावला.

“बस?” अंगदनं विचारलं. “कुठं निघालीस?”

कॉलच्या वेळी सभागृहात तात्यासाहेब सहज म्हणून आले, पण कोट घालून आले. पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांच्या लेनाबाई उगवल्या आणि त्यांनी लांबलचक प्रश्न विचारला. ऐन वेळी बाईंच्या जिभेवरचा ‘यस’ पळाला. तोंडातून घरचंच बाहेर पडलं, तेही घाटातल्या आवाजात.

“व्हय!”

लेनाबाई दचकल्या. मग बराच वेळ काहीतरी समजावत राहिल्या. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं वाटून दुसऱ्या प्रश्नाला बाई आणखी जोरात “व्हय!” म्हणाल्या. लेनाबाईंनी चष्मा काढला आणि त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. तिसऱ्या वेळी बाईंनी छातीवर हात ठेवला. “व्हय, व्हय!” लेनाबाई हलक्या आवाजात काही पुटपुटल्या आणि पडदा काळा झाला.

“मुलगी नापसंत,” तात्यासाहेब उठत म्हणाले. “बघायला आलेले पाहुणे असेच चहा न घेता उठतात.”

घरी येऊन बाईंनी पेटीवर कापड टाकलं. “अहो, गाण्याची खोली गेली हो.”

“गोळी? घेतली की सकाळीच.”

एरवी बाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली.

रविवारी ठराव वाचायला तात्यासाहेब उभे राहिले आणि बाईंचा फोन वाजला. पडद्यावर लेनाबाई होत्या, शेजारी करुणा. लेनाबाईंना मंडळाशी बोलायचं होतं. करुणा कसंबसं हसू दाबत मराठीत सांगू लागली.

“लेनाबाई म्हणतात, सगळ्या शाळा आम्हाला लगेच हो म्हणतात. या एकट्या बाईंनी मला तीनदा विचारलं, ‘का?’ मुलांनी का गायचं? आपण का जोडून घ्यायचं? मी तुमच्यासाठी का बोलायचं? मला झोप लागली नाही. आमच्या शिक्षकांना विचारलं, तर एकालाही धड सांगता येईना. असं विचारणारी शाळा मोडू नका. या हिवाळ्यात मी शिक्षकांना घेऊन तिथं येते.”

“अगं करुणे, मी कुठं ‘का’ म्हणलं? मी व्हय म्हणलं, व्हय!”

“तेच तर, बाई! इंग्रजीत ‘व्हाय’ म्हणजे ‘का’. सांगू का त्यांना खरं?”

“सांग बाई. खोट्यावर सूर टिकत नाय.”

करुणानं सांगितलं. लेनाबाई इतक्या हसल्या, की पडद्यात नुसतं छत दिसू लागलं. परत दिसल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. “चुकून विचारला असेल, पण प्रश्न खरा आहे,” करुणानं त्यांचं बोलणं सांगितलं. “त्या येणारच म्हणतात.”

तात्यासाहेबांच्या डोळ्यांपुढं एव्हाना चिकलठाण्याचं विमानतळ, हार आणि मध्यभागी कोटातले आपण असं चित्र उभं राहिलं होतं. त्यांनी हातातला ठराव घडी करून खिशात घातला.

“बाई, मग सभागृह गाण्यालाच ठेवायचं ना?”

“व्हय.”

जन्मभर स्वतः ‘व्हय’ म्हणणारा माणूस, पण डोक्यात आत्ताची इंग्रजी भरलेली; तात्यासाहेबांना ‘व्हाय’ ऐकू आलं.

“का? का म्हणजे काय, बाई?” तात्यासाहेब उखडले आणि मंडळाकडे वळले. “अहो, पोरं गल्लीत भटकण्यापेक्षा इथं सुरात बसतात. एकमेकांचं ऐकायला शिकतात. जिम काय, कुठंही होईल!”

बाईंनी त्यांना आजवर सांगितलेलं सगळं ते क्रमानं सांगत सुटले. बाईंनी तोंडाला पदर लावला. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. माणूस सुरात होता.