पडदे एका रेषेत

आमच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला सात मजले होते आणि मागे नुसतं बाजरीचं रान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या बाजूच्या पुणे-मुंबई रस्त्यावर एवढं उंच दुसरं काही नव्हतं. ज्यांच्या शेतात ते उभं राहिलं, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "एवढं रान मोकळं हाय, मग वर कशापायी चढत्यात?" मुंबईहून आलेले वास्तुरचनाकार उद्घाटनाला बराच वेळ बोलले, पण याचं उत्तर त्यात नव्हतं. ही इमारत रस्त्याशी संवाद साधते, असं ते म्हणाले. आत बसणाऱ्यांशी तिचं बोलणं नसावं.

खिडक्या हुद्द्याप्रमाणे मिळत. साहेब खिडकीशी, आम्ही कारकून मधोमध ट्यूबलाइटखाली. मला उजेडाची हौस नव्हती. पण सहाव्या मजल्यावरून रस्ता, त्यापलीकडे रूळ आणि रुळांपलीकडे कासारवाडीतली आमची चाळ दिसायची. बायकोच्या हृदयाची झडप अधू होती. चाळीत फोन नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं होतं, की तिला जास्त झालं तर शेजारच्या वहिनींनी गॅलरीच्या कठड्यावर लाल सोलापुरी चादर टाकायची.

खिडकी आमच्या सेक्शनच्या साहेबांची होती. निवृत्तीला आलेले, कुणाशी फारसं न बोलणारे गृहस्थ. त्यांनी ही कामगिरी आपणहून अंगावर घेतली. मधूनमधून चष्मा कपाळावर सरकवून बाहेर बघत आणि मागे न वळता म्हणत, "कठडा रिकामा आहे, राव. बेरीज करा."

मी बेरीज करायचो. दोन वर्षं अशी गेली. एकदाच चादर दिसली, मी धावत पोचलो, रिक्षाने दवाखाना गाठला आणि ती वाचली. आठवड्याने तीच मला म्हणाली, "चादर धुवायला काढलीय. वाळत घालायची कुठे, तेवढं साहेबांना विचारून या."

मग परदेशी पाहुणे यायचे ठरले. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायचा होता आणि कुठे पडदा वर, कुठे खाली, हे वरच्यांना गबाळं वाटलं. दुपारी हुकूम आला: समोरचे सगळे पडदे पूर्ण खाली, पट्ट्या बंद. आमच्या साहेबांनी थोड्या वेळाने दोरीला हात घातला, तर प्रशासन अधिकारी दारातूनच म्हणाले, "साहेब, फोटो चाललाय. तेवढं होऊ द्या."

"माझं एक बघायचं राहिलंय."

"नंतर बघा की. कुठे पळून जातंय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. फोटो झाल्याचा निरोप आल्यावर त्यांनीच आधी पडदा वर ओढला. या वेळी ते मागे वळले.

लिफ्ट पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. मी जिन्याने उतरलो.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "केव्हाची टाकलीय हो," त्या म्हणाल्या. "ती सारखी विचारत होती, खिडकी उघडली का बघा. मी म्हटलं, उघडतील, उघडतील."

तो फोटो मोठा करून खालच्या दालनात लावला होता. मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्याच्यासमोरून जात होतो. सातही मजल्यांचे पडदे अगदी एका रेषेत आहेत. इमारत त्यात सुंदर दिसते, हे मान्य करावं लागतं. रस्त्याच्या आमच्या चाळीकडच्या बाजूचं काही त्यात आलेलं नाही.