डावीकडचा माणूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्या लेखी मी इथे सौदीत, यान्बूत, सुट्टीच्या दिवशी अमेरिकेतल्या जुन्या शर्यतीच्या मोटारींचे फोटो बघत बसतो, आणि एकट्या पुरुषाला असले निरुपद्रवी छंद असलेले बरे. निरुपद्रवी — हा तिचाच शब्द. मी तो खोडून काढलेला नाही. तुम्हालाही शेवटी वाटेल, एवढंच ना? वाटू दे. पण मी त्याच्याभोवती घिरट्या घालून दमलोय, आणि दमलेला माणूस कधीतरी बसतोच.

आधी माझं काम सांगतो, कारण चूक त्यातूनच झाली. मी वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म वाचतो. दोन पाइप जोडले की त्या सांध्याचा एक्स-रे काढतात, मोडलेल्या हाताचा काढतात तसाच. आत भेग आहे का, बुडबुडा राहिलाय का, हे माझ्यासारखा कुणीतरी फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवून सांगतो. प्रत्येक फिल्मवर शिशाच्या अक्षरांनी सांध्याचा नंबर उमटलेला असतो. दिवसभर फिल्मच फिल्म. एखादी सुलट हातात येते, एखादी उलट. सुरुवातीला मी उलट आलेली फिरवून घ्यायचो. पुढे पुढे अक्षरं उलटी आहेत हे जाणवेनासंच झालं. डोळा वाचतो, पेन लिहितं, हात पुढची फिल्म उचलतो. वीस वर्षं हेच चाललंय. माझी नजर तयार आहे असं सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू — मलाही ते आवडतं.

छंद लावला तो आमच्याकडच्या एका अमेरिकन इन्स्पेक्टरने. तो निवृत्त होऊन गेला, पण जाताना मला इंटरनेटवरच्या एका गटात घालून गेला. लोक आपल्या माळ्यावर सापडलेले फोटो तिथे टाकतात — शंभर-एकशेदहा वर्षांपूर्वीचे, मातीच्या नाहीतर लाकडी फळ्यांच्या ट्रॅकवरचे — आणि विचारतात, ही गाडी कुठली, जागा कुठली, माणसं कोण? मग रेडिएटरचा आकार, चाकांचे आरे, नंबर रंगवायची पद्धत, मागचं कुंपण, यांवरून ओळख पटवायची. त्या गाड्यांत दोघं बसायचे. एक चालवणारा, दुसरा मेकॅनिक. मेकॅनिक हाताने तेलाचा पंप मारायचा, मागून कोण येतंय ते बघायचा, आणि गाडी उलटली की चालवणाऱ्यासोबत मरायचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चालवणाऱ्याचं नाव यायचं, आणि पुढे नुसतं — व त्याचा मेकॅनिक. हे वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो. आमच्या प्लँटचं उद्घाटन झालं त्या बातमीत आम्हीही असेच होतो.

त्या गटात एक म्हातारी बाई आली. तिला मार्था म्हणू. ऐंशीच्या पुढची. तिचे आजोबा असेच एक मेकॅनिक होते. तिची आई आजीच्या पोटात असतानाच ते शर्यतीत वारले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. आईने बापाचा चेहरा न बघताच जन्म काढला आणि ती तशीच गेली. आता कुठल्याशा चुलतभावाच्या घरी काचेची एक निगेटिव्ह सापडली होती. भावाने ती स्कॅन करून पाठवली. आठ नंबरची गाडी समोरून घेतलेली, आणि रेडिएटरच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी. एक उंच, खळखळून हसणारा, हनुवटीला खळी असलेला. दुसरा ठेंगणा, मान खाली, टोपी एका हातात. ती काच ज्या कागदी पाकिटात होती त्यावर पेन्सिलने गावाचं नाव लिहिलेलं होतं आणि पुढे — डावीकडे वॉल्टर, मेकॅनिक. वॉल्टर म्हणजे तिचे आजोबा.

तिला एवढंच हवं होतं, की हे पाकीट याच काचेचं का? पाकिटं बदलतात, हे तिला ठाऊक होतं. गटातल्या दिग्गजांनी हात टेकले. गाडी ओळखली त्यांनी, पण जागा सांगता येईना. मागच्या कुंपणावर पुसटशी अक्षरं होती, ती कुणालाच लागत नव्हती.

मला लागली. एका शुक्रवारी सकाळी, चहा निवायच्या आत. घोड्यांच्या चाऱ्याच्या दुकानाची जाहिरात होती, आणि तिच्यात पाकिटावरच्याच गावाचं नाव. म्हणजे पाकीट याच काचेचं, म्हणजे डावीकडचा वॉल्टर, म्हणजे तो हसणारा तुमचा आजोबा. मी तसं लिहिलं. गटात काय कौतुक झालं! हे तू वाचलंस तरी कसं, असं प्रत्येकजण विचारत होता. मार्थाने लिहिलं की ती तासभर रडली, आणि आजोबा हसरे होते हे आईला कळायला हवं होतं. मी फुगलो. का नाही फुगणार? पाइपच्या भेगा शोधल्याबद्दल माझे कधी कुणी रडून आभार मानले नव्हते.

हे वाचलंस तरी कसं — हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा विचारायला हवा होता.

इथे हुसेनचाचांना आणायला हवं. ते मूळचे म्हसळ्याकडचे, मी महाडचा, म्हणजे परमुलखात शेजारीच. यान्बूच्या जुन्या बाजारात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. बॉयलर सूट, शाळेचे गणवेश, पँटची उंची कमी करणं, असली कामं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान होतं तो अरब, भला होता, चाचा त्याहून भले. शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर ते दुकान उघडायचे आणि मी तिथे जाऊन बसायचो. त्या दिवशी फोटोची मोठी प्रत काढून घेऊन गेलो. मिरवायला, दुसरं काय. सगळी कथा रंगवून सांगितली. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाशी धरला आणि एका कोटावरून दुसऱ्यावर बोट फिरवलं.

मग म्हणाले, "दोगं पुरुषच हायत ना रे? मग बायकांचे कोट का घातलेत यांनी?"

मी हसलो. ते हसले नाहीत. बोटाने दाखवत म्हणाले, "बटणं लावली की पुरुषाचा डावा पदर वर येतो. हितं उजवा वर हाय. एकाचा असता तर म्हटलं असतं, शिंपी दारू प्यालेला. दोगांचाबी हाय. फोटो उलटा छापलाय, बाबा."

अमेरिकेत तेव्हा तशीच पद्धत होती, असं मी ठोकून दिलं. शिंप्याला शिवणकामातलं शिकवलं मी. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि शिवण पुढे चालू केली. 

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो आरशासारखा फिरवला. एक बटण दाबायचं, बस्स. कुंपणावरची अक्षरं सुलट झाली आणि आता ती कुणीही वाचली असती, शाळेतल्या पोरानेही. म्हणजे इतरांना ती लागत नव्हती कारण ती उलटी होती, आणि मला लागली कारण मला उलटं-सुलट कळेनासं झालं होतं. भावाने काच पालथी ठेवून स्कॅन केली होती. आठचा आकडा काय, कसाही ठेवा, आठच. पाकीट खरं, गाव खरं, फक्त डावीकडचा माणूस बदलला होता. वॉल्टर म्हणजे तो ठेंगणा, मान खाली घातलेला. हसणारा होता गाडी चालवणारा. त्याचा मार्थाशी काही संबंध नव्हता.

चूक सगळ्यांकडून होते. ही चूक मी कबूल करायला बसलेलो नाही. दोन ओळी लिहायच्या होत्या — फोटो उलटा आहे, माफ करा, तुमचे आजोबा दुसरे. मी त्या लिहिल्या नाहीत. का? बाईचं मन मोडू नये म्हणून? तसं मी काही महिने स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं होतं. ज्या नजरेची गटभर वाहवा झाली तीच नजर चुकीचं मूळ निघाली, हे चारचौघांत सांगण्याची माझी तयारी नव्हती. बस, एवढंच होतं.

पुढच्या शुक्रवारी चाचांनी विचारलं, "त्या बाईला कळवलंस?" कोटाचा वाद त्यांनी काढलाच नाही. त्यांना माहीत होतं की मी घरी जाऊन बघणार.

मी म्हणालो, "कळवलं."

"काय बोलली?"

"शुक्रिया म्हणाली. तुम्हाला दुवा दिली."

दुवा कशाला घातली मी त्यात? तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. चाचांनी कैची खाली ठेवली, छातीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच आपल्या वडिलांबद्दल बोलले. ते गलबतावर तांडेल होते, चाचा चार वर्षांचे असताना समुद्रातच राहिले. फोटो नव्हता. लहानपणी वडील कसे दिसायचे हे विचारलं की आई आरसा पुढे करायची. "आयुष्यभर कपडे शिवले," चाचा म्हणाले, "पण सवाबाचं, पुण्याचं काम हे एकच झालं माझ्या हातून." त्यानंतर ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, की एका अमेरिकन बाईला तिचा आजोबा आपण मिळवून दिला. सुदानी ड्रायव्हरला, केरळच्या नर्सला, सगळ्यांना. मी शेजारी स्टुलावर बसून मान हलवायचो.

त्यांनी मागितला म्हणून मी सुलट केलेला फोटो छापून दिला. त्यांनी पदर तपासला, "आता बराबर" म्हणाले, आणि तो काचेच्या चौकटीत घालून मशीनच्या वर लावला. खरा फोटो तेवढ्या एकाच भिंतीवर होता. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा दुकान खलास करून ते एक्झिटवर, म्हणजे कायमचे, म्हसळ्याला गेले. तो फोटो त्यांनी बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवला, काच फुटू नये म्हणून. अजून फोन केला की आधी मार्थाची खुशाली विचारतात, मग माझी.

आणि हे एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहिलो असतो.

मागच्या हिवाळ्यात मार्थाचं पत्र आलं. गटावर नाही, मला एकट्याला. तिला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. तिने लिहिलं होतं, आजोबांशेजारी जो दुसरा माणूस आहे तो आमचा कुणी नाही, पण त्याला कापून टाकणं बरं वाटत नाही. त्याचंही कुणी असेल. तुम्ही यातले जाणकार, तुम्हाला काय वाटतं?

तुम्ही लक्षात घ्या — तिने मला विचारलं होतं. मी काही न बोलता निसटावं अशी जागाच तिने ठेवली नव्हती. दार उघडून उभी होती म्हणा ना. मी ते पत्र तीन दिवस तसंच ठेवलं. ड्यूटीवर गेलो, फिल्म वाचल्या, दोन सांधे नापास केले. एवढीशी भेग होती, केसाएवढी, तरी पाइप पुन्हा कापायला लावले. फोरमन चिडला तर त्याला सुनावलं की माझ्या सहीखाली खोटं जाणार नाही. हे खरोखर म्हणालो मी. त्याच आठवड्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठल्यावर मार्थाला उत्तर लिहिलं. दुसरा माणूस ठेवला असता तर कधीतरी, कुणीतरी, एखाद्या पाहुण्याने, एखाद्या शिंप्याने दोघांचेही उलटे कोट बघितले असते. हा विचार माझ्या मनात आला होता. तो येऊन गेल्यावरच मी लिहिलं, की कापायला काहीच हरकत नाही, आजोबा एकटे जास्त उठून दिसतील.

दोन आठवड्यांनी तिने भिंतीचा फोटो पाठवला. सोनेरी चौकट, आत तो उंच, हसणारा, परका माणूस. खाली पितळेच्या पट्टीवर वॉल्टरचं नाव. कापताना ओळ नीट साधली नव्हती. चौकटीच्या कडेला, रेडिएटरवर टेकलेली दुसऱ्या माणसाची चार बोटं तशीच राहिली होती. तिच्या आजोबांचं तेवढंच त्या घरात आहे.

ती बोटं खटकतात का, असं तिने विचारलं होतं. मी लिहिलं, चौकट जरा आत घेतली की झाकली जातील.